पवनी, दोन दिवस

एसटीतून उतरले तेव्हा धुकं वैनगंगेवरून
पार बाजारापर्यंत आलेलं,
मिरचीच्या पोत्यांना टेकून बसलेलं.
सुलोचना नान्हे छत्री उघडून उभी होती.
पाऊस नाही, ऊन नाही.
"लांबून ओळखशील म्हून आणली वो."
सत्तावीस वर्षं. नर्सिंगच्या वसतिगृहात
आमच्या खोलीत तीन खाटा होत्या.

मी म्हटलं, गाव दाखव.
यादीच केली होती नागपूरहून निघताना,
औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं:
किल्ल्याचा दरवाजा, नदीचे घाट, जुना स्तूप.

दरवाजाखालून जाताना ती थांबलीसुद्धा नाही.
"हा इथंच राह्यते, पळून नाही जात,"
आणि वळली कोष्ट्यांच्या आळीत.
"हे घर पाह्य. पायाळू होता पोट्टा.
रात्रीचे अडीच, कंदील, डॉक्टर लग्नाले गेलेला.
आता अख्खा गाव येते त्याच्या दारात,
उसण भरली की लाथ खायाले."

मग जुळ्यांचं घर.
मग निळ्या रंगाचं घर, जिथली माय वाचली नाही,
तिथं ती जरा हळू चालली, बोलली नाही.
मग एक मुलगी दारातूनच ओरडली, "आत्या!"
"हिचं नाव माह्यावर ठेवलं. भांडखोर निघाली."

प्रत्येक दारात पाट.
चहा, पुन्हा चहा,
उकडलेल्या पोपटीच्या शेंगा मीठ लावून,
लाखोरीचे वडे, तेलातून थेट हातात,
जवसाची चटणी, आणि भात तर नको म्हटलं तरी.
पायाळूच्या आईनं माझी कंबर दाबून पाहिली,
"दुखते का? बोलावू काय त्याले?"

स्तूपापाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं.
विटा, बाभळी, एक बकरी.
मी विचारलं, इथं कोणी जन्मलं नाही का गं?
ती इतकी हसली की बकरी उठून गेली.

रात्री थंडी पायाच्या नखांतून वर आली.
"एवढ्या हिवाचं नुसती शाल घेऊन येते का कोणी?"
तिनं ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास.
तळातून काढलं एक विटकरी स्वेटर,
डाव्या बाहीला उलट्याच्या जागी सुलटा टाका.
तो टाका माझा. मीच चुकले होते,
उसवायचा कंटाळा केला होता.

तिसरी खाट फुलवंती गेडामची होती.
माझ्या तोंडून पहिल्यांदा तिचंच नाव आलं होतं,
मेट्रनसमोर, विचार न करता,
किंवा विचार करूनच.
तिची पेटी उघडली गेली: एक आरसा, दोन पातळं,
मोहफुलांची पुरचुंडी.
स्वेटर नव्हतं. नाव मात्र राहिलं तिच्यावर.
परीक्षेआधीच ती कुरखेड्याच्या गाडीत बसली.

"घाल," सुलोचना म्हणाली. "तुहंच होय."
तिनं ट्रंकेचं झाकण लावलं, कडी दोनदा बघितली.
मी घातलं. अजून बसत होतं, खांद्यात जरा आवळ.
लांबच्या कुठल्याशा गावात नाटक रंगलं होतं,
भोंग्यातून एक बाई रडत होती
आणि मधेच, लाइट गेली असेल, गप्प झाली.
आम्ही दोघी तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत
अंधारात जाग्या.

सकाळी ढिवरीण आली, ओले शिंगाडे घेऊन,
केसांना तळ्याचा वास.
सुलोचनानं दोन किलो बांधून दिले. "तिकडे मिळत नाही असे."
मिळतात. मी म्हटलं, नाही मिळत.

आता स्टँडवर बसलेय.
बोटं शिंगाड्यांनी काळी, अंगात स्वेटर.
सुलोचना छत्री घेऊन परत गेली,
वळणावर ती मिटली तिनं.
नागपूरची गाडी लागली आहे.
तिच्या शेजारी दुसरी, खडूनं लिहिलेली पाटी:
वडसा, कुरखेडा.
कंडक्टर विचारतोय, कुठं जायचं, बाई?
सुट्टीचा एक दिवस उरला आहे.
मी त्याला एक शिंगाडा देते,
तो सोलेपर्यंत तरी
मला वेळ आहे.